कुलपाविना गुप्तहेर

हेरपट, म्हणजे एखाद्या देशाच्या गुप्तचर खात्यातील नोकरदाराच्या कामगिरीभोवती रचलेला चित्रपट, हा प्रकार मुळात बंद दाराच्या जिवावर जगतो. दार बंद असते म्हणून त्यामागे काहीतरी दडले आहे असे प्रेक्षक धरून चालतो, कुलूप असते म्हणून ते उघडणारा नायक ठरतो, आणि तिजोरी जितकी जाड तितका तिचा मालक दुष्ट, हा तर या क्षेत्रातला सर्वमान्य सिद्धान्तच होय. या दृष्टीने पाहता अहिल्यानगर जिल्ह्याच्या नेवासा तालुक्यातील शनिशिंगणापूर हे गाव जगभरच्या गुप्तहेरांच्या पोटावर पाय देणारे आहे. कारण येथील परंपरेप्रमाणे घराला चौकट असते पण कवाड नसते, त्यामुळे कडी, कोयंडा, अडसर आणि कुलूप या चारही वस्तूंना गावात काम उरत नाही, आणि रात्री कुत्री आत शिरू नयेत म्हणून चौकटीत एखादी फळी टेकवून ठेवली की बंदोबस्त पुरा झाला असे समजतात. जेम्स बाँड या ब्रिटिश गुप्तहेराची येथे बदली झालीच, तर सकाळच्या पहिल्या चहाआधी त्याची सगळ्या गावाची झडती घेऊन होईल, आणि उरलेला दिवस त्याला रस्त्यावरच्या रसवंतीत बसून, लाकडी चरकाभोवती फिरणाऱ्या बैलाकडे पाहत काढावा लागेल.

या व्यवस्थेमागची आख्यायिका अशी की, पानसनाल्याला आलेल्या पुरातून एक काळी शिळा वाहत आली, गुराख्याने काठी टोचताच तिच्यातून रक्त निघाले, आणि त्या रात्री शनिदेवाने दृष्टांत देऊन, म्हणजे स्वप्नात येऊन, आपल्याला डोक्यावर छप्पर नको, आकाश पुरे आहे, आणि गावाचे रक्षण आपण करू, असे सांगितले. तेव्हापासून साडेपाच फुटांहून उंच अशी ती शिळा उघड्या चौथऱ्यावर ऊन-पाऊस सोसत उभी आहे आणि चोराचा हिशेब देवाकडे सोपवून गाव निर्धास्त झोपते. आधुनिक संस्थांनाही या परंपरेपुढे मान तुकवावी लागली: जानेवारी २०११ मध्ये यूको बँकेने येथे दर्शनी दाराला कुलूप नसलेली शाखा उघडली, आणि सप्टेंबर २०१५ मध्ये गावाला स्वतःचे पोलीस ठाणे मिळाले तेव्हा त्यालाही पुढचे दार नसल्याची बातमी देशभर कौतुकाने छापली गेली. अर्थात २०१० मध्ये बाहेरून आलेल्या एका भाविकाने आपल्या गाडीतून पस्तीस हजारांचा ऐवज गेल्याची तक्रार केली होती, आणि ती चोरी गावात झाली की गावाबाहेर, यावर गावाने काढलेला निष्कर्ष सांगण्याची गरज नाही.

दार नसलेले पोलीस ठाणे उघडल्यावर दोनच महिन्यांनी, म्हणजे २० नोव्हेंबर २०१५ रोजी, जेम्स बाँड मालिकेतील चोविसावा चित्रपट ‘स्पेक्टर’ भारतात झळकला. हा योगायोग चित्रपटसमीक्षकांच्या नजरेतून निसटला असला तरी तो अर्थपूर्ण आहे, कारण कुलूप, किल्ली, तळघर, पासवर्ड आणि पहारेकरी यांवर चोवीस कोटी डॉलरांच्या पुढे खर्च करूनही आत काहीच ठेवायला न सापडणे, हाच या चित्रपटाचा मुख्य दोष होता. येथे वाईट चित्रपट आणि निराशाजनक चित्रपट यांतला भेद ध्यानात घ्यावा लागतो. १९७९ च्या ‘मूनरेकर’मध्ये बाँड थेट अंतराळात गेला आणि तेथे दोन्ही बाजूंनी लेझर बंदुका चालल्या, तेव्हा प्रेक्षक हसले आणि घरी गेले; निराशेला मात्र आधी उधारी चढवलेली अपेक्षा लागते, आणि ती ‘स्पेक्टर’च्या नावावर भरपूर चढलेली होती. सॅम मेंडिस यांनीच दिग्दर्शित केलेल्या २०१२ च्या ‘स्कायफॉल’ने शंभर कोटी डॉलरांचा टप्पा ओलांडला होता, नायक तोच डॅनियल क्रेग होता, आणि भरीला खलनायकांच्या त्या जुन्या संघटनेचे नाव चाळीसहून अधिक वर्षांनी अधिकृतपणे पडद्यावर परतत होते.

त्या नावाचा इतिहास चित्रपटाहून अधिक रंजक आहे. ‘स्पेक्टर’ ही संघटना बाँडचे जनक इयान फ्लेमिंग यांच्या १९६१ च्या ‘थंडरबॉल’ या कादंबरीत प्रथम अवतरली, आणि ती कादंबरी ज्या पटकथेवरून लिहिली ती आपण काही जणांनी मिळून रचली होती, असा दावा केव्हिन मॅक्लोरी या निर्मात्याने न्यायालयात लावला. १९६३ मध्ये तडजोड झाली. परंतु तडजोडीच्याच कलमांतून पुढच्या दाव्यांना खतपाणी मिळण्याची जी रीत तालुका न्यायालयांच्या आवारात सर्वांना ठाऊक आहे ती इंग्लंडातही चालत असल्याने, मूळ वादी २००६ मध्ये निवर्तला तरी वाद जिवंत राहिला आणि अखेर नोव्हेंबर २०१३ मध्ये त्याच्या वारसांकडून मालिकेच्या मालकांनी सर्व हक्क मिळवले. मधल्या काळात मालिकेची जी ओढाताण झाली ती करुण म्हणावी अशी आहे. १९८१ च्या ‘फॉर युअर आइज ओन्ली’च्या आरंभी चाकाच्या खुर्चीतला एक टकला गृहस्थ मांडीवर पांढरे मांजर घेऊन येतो, बाँड त्याला हेलिकॉप्टरने उचलून कारखान्याच्या धुराड्यात टाकतो, आणि या संपूर्ण व्यवहारात त्या गृहस्थाचे नाव कोणीही उच्चारत नाही, तो ‘स्पेक्टर’चा प्रमुख ब्लोफेल्ड आहे हे सर्व प्रेक्षकांना कळत होते, फक्त वकिलांना कळू द्यायचे नव्हते. क्रेगच्या पहिल्या दोन चित्रपटांत तर नावाअभावी ‘क्वांटम’ नावाची पर्यायी संघटना उभारावी लागली. एवढ्या वर्षांनी हक्क हाती आल्यावर निर्मात्यांनी जे केले ते पाहता, पन्नास वर्षे दावा लढून सातबाऱ्यावर नाव लागलेल्या शेतकऱ्याने ऊस लावायचा की तूर पेरायची हे न ठरवताच आनंदाच्या भरात रानात ट्रॅक्टर घालावा, त्याची आठवण होते.

चित्रपटाचे गुपित असे आहे. बाँडचे आईवडील तो लहान असताना गिर्यारोहणाच्या अपघातात गेले, आणि ऑस्ट्रियातील ओबरहाउजर नावाच्या गृहस्थाने त्याला सांभाळले. या गृहस्थाचा जीव परक्या पोराकडे जास्त ओढू लागल्याचे पाहून त्याचा सख्खा मुलगा फ्रान्झ बिथरला, त्याने बापाला ठार मारले, स्वतः मेल्याचा देखावा केला, आईकडचे आडनाव लावून अर्न्स्ट स्टाव्ह्रो ब्लोफेल्ड झाला, आणि बाँडच्या आयुष्यात जी जी दुःखे आली ती आपणच घडवली असे तो अखेरीस अभिमानाने सांगतो. ज्याला महाराष्ट्रात भाऊबंदकी म्हणतात तीच ही गोष्ट आहे, फरक एवढाच की येथील भाऊ अशा प्रसंगी बांधावरून कुरबूर करतो, पुतण्याच्या लग्नाला जात नाही, फार तर भिंतीपलीकडे दुसरी चूल मांडतो. फ्रान्झने आंतरराष्ट्रीय गुन्हेगारी संघटना काढली. आधीच्या तीन चित्रपटांतील खलनायक, म्हणजे ल शीफ्र, डॉमिनिक ग्रीन आणि सिल्व्हा, हे सगळे त्याच संघटनेचे, जणू शाखाप्रमुख, असेही या चित्रपटाने जाहीर केले. त्याने ‘स्पेक्टर’चे वजन वाढले नाहीच, उलट ‘स्कायफॉल’चे घटले, कारण ज्या सिल्व्हाला आपल्याच वरिष्ठ बाईंनी शत्रूच्या हवाली केल्याची स्वतःची जखम होती, तो आता दुसऱ्या कोणाच्या तरी बालपणीच्या रुसव्याचा पगारी नोकर ठरला. निराशाजनक चित्रपट स्वतः पडतो एवढ्यावर भागत नाही. जाताना मागच्यांचीही किंमत उतरवून जातो.

शिवाय हे गुपित गुपितही नव्हते. ब्लोफेल्डची भूमिका ख्रिस्टोफ वाल्ट्झ करत आहेत हा तर्क चित्रीकरण सुरू होताच सर्वत्र केला जात होता, खुद्द वाल्ट्झ मुलाखतींतून तो नाकारत होते, आणि शीर्षकच ‘स्पेक्टर’ असल्याने त्यांच्या नकाराला कोणी भीक घालत नव्हते. पडद्यावर तो क्षण येतो तेव्हा ब्लोफेल्ड आपले पूर्ण नाव मोठ्या गांभीर्याने उच्चारतो. पण क्रेगच्या बाँडने हे नाव जन्मात कधी ऐकलेले नसल्याने त्याला धक्का बसण्याचे कारण नसते, आणि प्रेक्षकाने ते वर्षभर ऐकलेले असल्याने त्यालाही नसते. ज्या खोलीत गुपित ठेवले असे सांगितले तिला कुलूप होते, परंतु भिंती काचेच्या होत्या.

खोल्यांवरूनच बोलायचे तर टँजियरच्या हॉटेलातील प्रसंग सूक्ष्म अभ्यासाला पात्र आहे. मोरोक्कोतील या हॉटेलात एका मृत खलनायकाने गुप्त खोली राखली आहे एवढे बाँडला ठाऊक असते. तो फरशी आणि भिंती फोडून पाहतो, काही सापडत नाही, मग दारू पीत बसतो, आणि अशा वेळी एक उंदीर येतो, बाँड त्याला तू कोणासाठी काम करतोस अशा अर्थाचे विचारतो, आणि तो उंदीर भिंतीखालच्या फटीतून आत शिरताच बाँडला कळते की खोली तिकडे आहे. जगातील सर्वाधिक खर्चिक गुप्तचराला या चित्रपटातला सर्वांत महत्त्वाचा धागा उंदराने दाखवला. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात गूढपुरुषांचे, म्हणजे गुप्तहेरांचे, नऊ वर्ग सांगितले आहेत, ज्यांत कपटी शिष्याच्या रूपातला कापटिक, व्यापाऱ्याच्या वेषातला वैदेहक, जिवाची पर्वा न करता अंगावर जाणारा तीक्ष्ण, विष घालणारा रसद इत्यादींचा समावेश आहे. बाँड यांपैकी तीक्ष्ण या वर्गात सहज बसतो, मात्र मूषकाची तरतूद करण्याचे कौटिल्याला सुचले नाही. हेरगिरीचा मराठी आदर्श बहिर्जी नाईक यांचा. शिवाजी महाराजांच्या या हेरप्रमुखाने १६६४ च्या सुरत मोहिमेआधी शहराची खडान्‌खडा माहिती आणली असे सांगतात, आणि त्यांच्याविषयी इतिहासाला इतके थोडे ठाऊक आहे, यातच त्यांचे कौशल्य दिसते. उलट बाँड १९६२ पासून जेथे जाईल तेथे आधी आडनाव, मग नाव आणि पुन्हा आडनाव सांगतो, पेय कसे हवे तेही सांगतो, आणि तरीही गुप्त समजला जातो.

गुप्त खोलीतल्या कागदांवरून बाँड आणि त्याची सहचरी वाळवंटातल्या एका उल्काविवरात पोचतात, जेथे ब्लोफेल्डचे मुख्य ठाणे आहे. तेथे त्यांना एका अंधाऱ्या दालनात नेतात, आणि मधोमध ठेवलेली एक मोठी काळी शिळा दाखवतात. ती आकाशातून पडलेली उल्का असून तिच्यामुळेच हे विवर झाले, असे ब्लोफेल्ड समजावून देतो. आकाशाशी नाते सांगणाऱ्या काळ्या शिळेला बंद खोलीत कोंडून ठेवणे हा अपराध किती गंभीर आहे हे नेवासा तालुक्यातल्या कोणत्याही शाळकरी मुलाने त्याला सांगितले असते, आणि फळही त्वरित मिळते: बाँडच्या मनगटावरचे घड्याळ फुटते, तो काही गोळ्या झाडतो, आणि अख्खे ठाणे एका दमात आगीच्या डोंबात जाते. २९ जून २०१५ रोजी मोरोक्कोतील एर्फुडजवळ केलेल्या या स्फोटाला चित्रपटांतला सर्वांत मोठा स्फोट म्हणून गिनीज बुकात नोंद मिळाली, आणि त्यासाठी ८,४१८ लिटर रॉकेल जाळले गेले. शनीला तेल वाहिल्याने पीडा टळते अशी श्रद्धा आहे. या निर्मात्यांनी तेल ओतण्यात कुचराई केली नाही, पण भलत्या इंधनाची निवड करून भलत्याच शिळेपाशी ओतले. आणि एवढ्या मोठ्या स्फोटाचे पडद्यावरचे फलित काय, तर बाँड आणि सहचरी दूर उभे राहून तो पाहतात, आणि चित्रपट अजून अर्धा तास उरलेला असतो.

भारतातल्या प्रेक्षकाच्या वाट्याला यापेक्षा थोडा कमी चित्रपट आला. मुंबईत बसणाऱ्या केंद्रीय चित्रपट प्रमाणन मंडळाने, ज्याला बोलीत सेन्सॉर बोर्ड म्हणतात, त्या वेळचे अध्यक्ष पहलाज निहलानी यांच्या कारकिर्दीत ‘स्पेक्टर’मधील चुंबनदृश्ये निम्म्याने कमी करविली. चुंबन समूळ काढून टाकणे ही एक भूमिका आहे आणि ते राहू देणे ही दुसरी; परंतु ते पन्नास टक्के ठेवणे यामागे जो अंकगणिती विवेक आहे त्याला तोड नाही, कारण त्यामुळे पहिल्या निम्म्याने संस्कृतीला बाध येत नसून तो नेमका मध्यबिंदूनंतर येऊ लागतो, हे प्रथमच शासकीय पातळीवर निश्चित झाले. त्यावर ‘संस्कारी जेम्स बाँड’चे विनोद देशभर फिरले, आणि ते खुद्द चित्रपटातल्या विनोदांपेक्षा सरस होते. खरे तर १४८ मिनिटांच्या या चित्रपटाला कात्रीची गरज होतीच. रोमच्या रिकाम्या रस्त्यांवरून दोन महागड्या गाड्या एकमेकींमागे धावत असताना बाँड फोनवर बोलत असतो, तेथे मंडळाने हात सैल सोडला असता तर कोणत्याही पक्षाने मोर्चा काढला नसता.

या अपयशाला शनीला जबाबदार धरावे असा मोह स्वाभाविक आहे, म्हणून त्याचीही छाननी येथे करणे इष्ट. साडेसाती म्हणजे जन्मराशीच्या मागच्या, त्या आणि पुढच्या अशा तीन राशींतून शनीचे भ्रमण, प्रत्येकी अडीच वर्षे. आणि शनीला सूर्याभोवती एक फेरी घालायला सुमारे साडेएकोणतीस वर्षे लागत असल्याने ती पुन्हा तितक्याच अंतराने येते. मालिकेची पत्रिका उपलब्ध नाही, पण लक्षणांवरून मागे जाता येते. १९८९ च्या ‘लायसन्स टू किल’नंतर कोर्टकज्ज्यांमुळे १९९५ च्या ‘गोल्डनआय’पर्यंत मालिकेचे काम ठप्प होते, तेव्हा पहिली साडेसाती १९८९ च्या मध्याला लागली असे धरल्यास दुसरी २०१८ च्या अखेरीस लागायला हवी. आश्चर्य असे की ऑगस्ट २०१८ मध्ये पंचविसाव्या चित्रपटाचे दिग्दर्शक डॅनी बॉइल मतभेदांमुळे बाहेर पडले, तयार झालेला चित्रपट महासाथीमुळे एप्रिल २०२० पासून पुढे पुढे ढकलत सप्टेंबर २०२१ च्या अखेरीस कसाबसा आला, पुढे मालिकेमागचा स्टुडिओ ॲमेझॉनने विकत घेतला, आणि २०२५ मध्ये सर्जनशील निर्णयांचे हक्कही पिढीजात मालकांच्या हातून गेले. गणित इतके चपखल बसते की एखाद्या ज्योतिष्याने ते दर्शनी भागात लावावे. मात्र याच गणिताने २०१५ हे साल दोन्ही साडेसात्यांच्या बाहेर, स्वच्छ मोकळ्या काळात पडते. म्हणजे ‘स्पेक्टर’च्या बाबतीत शनिदेव पूर्णपणे निर्दोष असून तो चित्रपट मंडळींनी स्वकष्टाने बिघडवला आहे.

उरला चित्रपटाचा तथाकथित गंभीर विषय, म्हणजे पाळत. नऊ देशांच्या गुप्तचर यंत्रणा एकत्र जोडून प्रत्येक नागरिकाच्या खासगी आयुष्यात डोकावणारी ‘नाइन आइज’ नावाची योजना ब्लोफेल्डला हवी असते. या योजनेचा शिंगणापुरात काहीही उपयोग नाही, कारण तेथे घरात काय चालले आहे हे रस्त्याने जाणाऱ्याला उपग्रहाविना दिसते. मात्र बाहेरून येणाऱ्यांवरची पाळत ही वेगळी गोष्ट असून तिचे तंत्र तेथे कमालीचे विकसित झाले आहे. दुकानाकडे गिऱ्हाईक वळवून देणाऱ्या कमिशनवरच्या पोरांना या भागात लटकू म्हणतात. घोडेगावच्या फाट्याकडून येणाऱ्या गाडीची नंबरप्लेट लांबूनच वाचून ती पुण्याची की परराज्यातली हे ते ताडतात, दुचाकीवरून तिला गाठतात, पुढे वाहनतळ बंद असल्याचे किंवा असेच काहीतरी सांगून ठरलेल्या दुकानापाशी थांबवतात, आणि भाविकाच्या हाती तेल, काळे कापड व रुईच्या पानांची माळ असलेले पूजेचे ताट येते तेव्हाच त्याला आपला माग काढला गेल्याचे उमगते. रोमच्या पाठलागात जे नाट्य नव्हते ते येथे दर शनिवारी असते.

आता कुलूप असून उपयोग किती, याचा अनुभव चित्रपटालाही आला होता. चित्रीकरण सुरू होण्याच्या सुमारासच, २०१४ च्या अखेरीस, सोनी पिक्चर्सच्या संगणकांवर दरोडा पडला आणि त्यात ‘स्पेक्टर’च्या पटकथेचा आधीचा खर्डा चोरीला गेल्याचे निर्मात्यांनीच जाहीर केले, बाहेर फुटलेल्या पत्रव्यवहारात स्टुडिओतले अधिकारीच शेवटच्या भागाबद्दल कुरकुरताना आढळले, म्हणजे निराशेची पहिली परीक्षणे घरातूनच लिहिली गेली होती आणि ती प्रेक्षकांआधी चोरांनी वाचली. शिंगणापूरलाही चोर भेटला तो याच वाटेने. २०२५ मध्ये देवस्थानाच्या नावाने बनावट ॲप काढून, घरबसल्या पूजा करून देतो असे सांगून भाविकांकडून पैसे घेतल्याचे प्रकरण उजेडात आले, विधानसभेत गाजले आणि तपास सायबर पोलिसांकडे गेला. चौकटीला कवाड नसलेल्या गावाची लूट चौकटीकडे न फिरकता झाली. अशा तपासाला बँकखाती आणि पावत्या रात्र-रात्र ताडून पाहणारी चिकाटी लागते, फुटणारे घड्याळ तेथे कामाचे नसते. आणि खात्याने हट्टाने बाँडलाच पाठवायचे ठरवले, तर लंडनच्या नंबरप्लेटची ॲस्टन मार्टिन घेऊन, पूजेचे ताट न घेता, फाट्यापासून गावापर्यंत पोचणे ही त्याची पहिली कामगिरी असेल, जी आजवरच्या पंचवीस चित्रपटांपैकी एकाही चित्रपटात त्याच्यावर सोपवण्याचे धाडस कोणी केलेले नाही.